सोळा इंच

गाडीला मागची बाजूच नव्हती, हे इग्नेशियसला अकरा वर्षांनी कळलं. आणि तेही कसं, तर रोझमेरीने स्वयंपाकघरातली फळी धुवायला काढली म्हणून. तिने बाटली-मसाल्याचे डबे खाली उतरवले, फळीवर अंथरलेला जाड कागद ओढला, उलटा केला आणि हाक मारली, "इनास, हे फ्रेडीचं ना रे?" घरात त्याला इग्नेशियस कोणी म्हणत नसे, ते नाव चर्चच्या वहीत आणि कारखान्याच्या हजेरीपटावर. कारखान्याला टाळेबंदी होऊन पाच आठवडे झाले होते, म्हणून भर मंगळवारी सकाळी अकराला तो पडवीत बसून काहीही न करण्याचं काम करत होता. तो आत आला. कागदावर जांभळी गाडी होती. पिकल्या जांभळाचा रंग नव्हे, जांभळं खाल्ल्यावर जिभेवर राहतो तो. वर मोठं तिरकं चित्र, रंगवलेलं; खाली त्याच गाडीची बाजूने दिसणारी आडवी आकृती, पेन्सिलीने, मापं घालून. छत म्हणून काचेचा एक अख्खा बुडबुडा, पुढचे दोन दिवे अर्धवट मिटल्या डोळ्यांसारखे, आणि आकृतीखाली फ्रेडीच्या गोल अक्षरात लिहिलेलं: एक इंच म्हणजे एक फूट, एकूण लांबी सोळा इंच. त्या सोळावर काट मारून शेजारी दुसऱ्या हाताने, टोकदार पेन्सिलीने, लिहिलेलं: पंधरा पूर्णांक अकरा सोळांश. तो हात त्याचाच होता. आपलं अक्षर एवढं उर्मट दिसतं हे त्याला आजच दिसलं, पण त्याने नजर तिथून उचलली आणि चित्राभोवती फिरवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की गाडी मागून कशी आहे ते कागदावर कुठेच नाही.

"टाकून देऊ?" रोझमेरीने विचारलं. "नको," तो म्हणाला, आणि मग उगाचच, "लाकूड आहे का गं आपल्याकडे? शिवणीचं?" ती त्याच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षांत धाकट्या भावाचं नाव या घरात घ्यायचं तर आजारपण, मयत नाहीतर नाताळचा केक पाठवायचा असला की, आणि ते तिने घ्यायचं. भांडण झालं म्हणावं तर तेही नाही. भांडण असतं तर मिटलं असतं. फ्रेडी मुलुंडला राहायचा, हा मरोळला. मधे एक पवईचं तळं आणि चार टेकड्या. बसने तासाभराचा रस्ता. आईच्या मयताला दोघे शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले, एकाच वेळी वाकले, एकाच वेळी उचलली, आणि पेटी खाली ठेवल्यावर आपापल्या बायकोशेजारी जाऊन उभे राहिले. खांदे सारख्या उंचीचे असल्यामुळे पेटी अगदी लेव्हलमध्ये होती, हे मात्र त्याला तेव्हाही जाणवलं होतं. मेला, आपला स्वभावच असा, असं त्याला स्वतःबद्दल नेहमी वाटायचं. आई गेली आणि ह्याला लेव्हल दिसतेय.

तर इनास पॅटर्नवाला. पोलाद ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, वाळूत दाबून साचा घ्यायला. तो नमुना करणारा. पंपाचं पोट, दातेरी चाक, कसल्यातरी यंत्राचं बूड, कागदावरच्या तीन बाजू बघून चौथी लाकडात काढायची. तीस वर्षं हेच. आणि म्हणूनच त्याला त्या दुपारी चैन पडेना. त्याने कागद मशीनवर पसरला, रोझमेरीचं शिवणाचं मशीन, आणि बोटाने गाडीच्या कडेकडेने जायला लागला. पुढून येतो, दिव्यावरून वळतो, दारावरून सरकतो, आणि मागच्या चाकाच्या वर आलं की बोट थांबतं, कारण तिथून पुढे गाडी वळून दिसेनाशी होते. आडव्या आकृतीत शेपटाची उंची कळते, उतार कळतो. पण मागे उभं राहिलं तर काय दिसेल? सपाट? गोल? दोन पंख? नेमकी तिथेच मसाल्याच्या डब्याची तेलकट तांबडी कडी उठली होती, अकरा वर्षांची. हे पोरगं असलं कसं विसरलं? का विसरलं नाही? त्याला वाटलं, आपण गाडी करून बघू. तशीच, सोळा इंची, म्हणजे पंधरा पूर्णांक अकरा सोळांशची. ती होतच नाही, हे एकदा लाकडात दिसू दे. त्या दिवशी आपण बरोबर होतो, याचा एकदाचा निकाल लागू दे. बरोबर असलेल्या माणसाला अकरा वर्षं असं टोचत का राहावं, हे त्याला कळत नव्हतं, आणि ते कळून घ्यायला लाकूड कापण्याखेरीज दुसरा मार्ग त्याच्याजवळ नव्हता.

तो दिवस तसा साधाच. एकसष्टचा मार्च. सोहराब शेठची फाउंड्री, आणि तिला लागून शेड, जिथे ट्रकच्या बॉड्या बांधायचे. शेठच्या डोक्यात आलं, प्रदर्शनात मांडायला एक गाडी करायची, अशी की लोकांनी रस्सीच्या बाहेरून नुसतं बघत राहावं. चालली नाही तरी चालेल, पण दिसली पाहिजे! इनासनेच सांगितलं, माझा भाऊ चित्रं काढतो. फ्रेडी तेव्हा अंधेरीच्या स्टुडिओत पडदे रंगवायचा, वर्सोव्याला होड्यांवर नावं घालायचा, सणाला क्रुसाला रंग द्यायचा. त्याने महिनाभर काढून हा कागद केला. शेठने आधी त्याचं मॉडेल करून घ्यायचं ठरवलं होतं, आणि ते इनासने करायचं. दोघा भावांनी मिळून. आई त्या महिन्यात भलतीच खूश होती. शेठच्या टेबलावर कागद उघडला तेव्हा सगळे जमले. पॅटर्नशॉपचे, बॉडीवाले, पॅटर्नशॉपचे मुख्य म्हातारे काशीराम मिस्त्रीही तंबाखू मळत आले. कोणी काही बोललंच नाही बराच वेळ. मग शेठ म्हणाले, "अरे इनास, तुझा भाऊ तर जादूगार निघाला!" आणि इनासला आनंद झाला. झाला, खोटं कशाला बोला. पण त्या आनंदाखाली दुसरंही काहीतरी हललं. आपण वीस वर्षं लाकूड तासतोय, आपल्या कामाकडे असं कोणी गप्प होऊन बघितलं नव्हतं; ते वाळूत जातं, वाळूतून बाहेर येतं, मग मोडक्या फळीवर पडतं. त्याने खिशातून पट्टी काढली. मापं बघून घेऊ, म्हणाला. पट्टी आकृतीवर ठेवली. सोळा लिहिलेलं, भरले पंधरा पूर्णांक अकरा सोळांश. त्याने दोनदा ठेवली. मग मोठ्याने सांगितलं, शांतपणे, कारागिराच्या आवाजात: "कागदावर इथे एक तृतीयांश इंच कमी आहे, शेठ. म्हणजे खऱ्या गाडीत चार इंच. चार इंच म्हणजे चालवणाऱ्याचे गुडघे." शेठ खो खो हसले. "तुझा भाऊ तर कागदावर पण चार इंच खातो रे!" मग सगळेच हसले. फ्रेडी शेजारीच उभा होता. त्याने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा इनासकडे. इनासने पेन्सिलीने सोळावर काट मारली. फ्रेडी काहीच बोलला नाही, आणि हे न बोलणं म्हणजेच कबुली, असं सगळ्यांनी धरलं. कागद गुंडाळून त्याने इनासच्या हातात दिला: "ठेव तुझ्याकडे." पुढे शेडमधली माणसं त्याला बघितलं की ओरडायची, "काय रे चार इंच!" आणि दोन महिन्यांनी तो अंधेरी सोडून मुलुंडला औषधांच्या कारखान्यात गेला, पिंपांवर नंबर रंगवायला. शेठची गाडी झाली नाही. त्या पट्टीच्या दिवसानंतरच्याच सोमवारी काशीराम मिस्त्री निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर इनास बसला.

गाडी करायला सुरुवात झाली ती अशी, निकाल लावायला. पण लाकूड ही चीज वेगळी आहे. तिला तुमचं भांडण माहीत नसतं. पडवीच्या कोपऱ्यात त्याने पाट मांडला, शिवणीचे चार तुकडे सरसाने जोडले, आकृतीवरून कंपासाने एकेक अंतर उचललं आणि थेट लाकडावर टेकवलं. पट्टीची गरजच नव्हती. कागदावर जेवढं तेवढंच लाकडात. रंध्याने पाठ उतरवली, गोल पटाशीने चाकांच्या कमानी खणल्या. आठवडाभराने त्याच्या ध्यानात आलं की आपण शिट्टी वाजवतोय. कारण गाडी होत होती! दिव्यापासून दारापर्यंत फ्रेडीने जी एक लांब रेघ ओढली होती, ती कागदावर नुसती झोकात वाटायची. लाकडात उतरल्यावर बोट फिरवलं तर कळायचं की ती कुठेच सरळ नाही आणि कुठेच वाकडी नाही, सगळीकडून थोडी थोडी वळत जाते. हे त्या पोराला कसं कळलं? होड्यांवरून? वर्सोव्याला होडीच्या पुढच्या नाळेवर नाव घालताना हात त्या फळ्यांवरून फिरला असेल, त्याला होडीचा बाक हातात लागला असेल. त्याला आठवलं, लहानपणी फ्रेडी जेवताना ताटातल्या मासळीच्या पाठीवरून बोट फिरवायचा आणि आई ओरडायची, खा ना रे मेल्या, चाचपतोस काय. इनासने लाकडावरून बोट फिरवलं आणि त्याला एकदम हसू आलं. रोझमेरी आतून म्हणाली, "कोणाशी बोलतोयस?" "कोणाशी नाही." ती बाहेर येऊन बघून गेली. तिने भुसा कपड्यांवर उडतोय म्हणून सुनावलं आणि जाताना तिनेही दिव्यावरून बोट फिरवलं.

बुडबुड्याने छळलं. काचेची अर्धी कवटी लाकडात होत नाही. आधी त्याने जुना बल्ब कापायचा घाट घातला, तो फुटला; मग घड्याळाच्या काचा बघितल्या, त्या चपट्या. शेवटी दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा आणला, लाकडाचा गोळा घासूनपुसून केला, आणि रोझमेरी केक करायची त्या ओव्हनमध्ये तो तुकडा तापवला. पहिला जळला. घरभर असा वास सुटला की शेजारच्या इव्हाबाय नाक दाबून विचारायला आल्या, काय गं, काय शिजवतेस? दुसरा सुरकुतला. तिसरा मऊ झाल्याबरोबर त्याने फडक्याने धरून गोळ्यावर ओढला, दोघांनी मिळून, दोन बाजूंनी, आणि तो बसला. स्वच्छ, गोल, एक डाग नाही. रोझमेरी टाळ्या वाजवायला लागली. त्या क्षणी त्याला असं तीव्रतेने वाटलं की हे फ्रेडीला दाखवलं पाहिजे, आता, ताबडतोब, की त्याचा हात बुडबुड्यावरच थांबला. मग आठवलं आपण हे कशासाठी करतोय ते.

मागची बाजू मात्र तशीच राहिली होती. पुढून तीन चतुर्थांश गाडी तयार आणि मागे चौकोनी ठोकळा. त्याने मनाशी दहा शेपट्या केल्या. सपाट केली तर पुढची रेघ फुकट जाते. दोन पंख लावले तर रद्दीच्या मासिकातल्या अमेरिकन गाड्या आठवतात, आणि फ्रेडी चोरणारा नव्हता, चोर असता तर मासिक समोर ठेवून काढलं असतं. एक दिवस तो नुसता कागद घेऊन पडवीत बसला. उन्हं तिरकी येत होती. पडवीच्या खांबाची सावली पायरीवर पडली होती आणि खांबाच्या वरच्या टोकाची नक्षी, जी खाली बसून दिसत नव्हती, ती सावलीत स्पष्ट दिसत होती. तो बघत राहिला. मग त्याने हळूच कागदाकडे पाहिलं. चित्रात गाडीखाली, मागच्या अंगाला, फ्रेडीने सावली टाकली होती. निळसर करडी, जमिनीवर लांब पसरलेली. त्याने आजवर ती रंगाची भरती समजून सोडून दिली होती. सावलीची मागची कड गोल नव्हती. तिला मधोमध खाच होती. दोन्ही बाजूंना निमुळती होत जाणारी, आत खोल वळलेली खाच. मसाल्याची कडी बरोबर त्यावरच उठली होती म्हणून दिसत नव्हती. सुरमईची शेपटी! त्याने मांडीवर थाप मारली. ह्या पोराने गाडीची पाठ सावलीत ठेवली होती. विसरला नव्हता. बघणारा कोण निघतो ते बघायला ठेवली असेल, नाहीतर नुसती गंमत म्हणून. आणि टेबलाभोवती जमलेल्या बारा माणसांतलं कोणी सावलीकडे बघितलं नाही, सख्ख्या भावाने तर नाहीच. सख्खा भाऊ पट्टी काढत होता.

शेपटी दोन दिवसांत झाली. लाकूड जणू वाटच बघत होतं, इतकी सहज. घासून झाल्यावर गाडी पाटावर उभी राहिली, बिनरंगाची, पिवळट, पण सगळीकडून पुरी. इनास तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरला. कुठे अडत नव्हतं. बुडबुड्याखाली त्याने मापाने कापलेला लाकडी माणूस बसवला होता, चालवणारा, आणि त्याचे गुडघे कुठेही लागत नव्हते. हे त्याला थोडं खुपलं. चार इंच कमी असूनही कसे लागत नाहीत? लागायला हवेत. तेवढ्यात रोझमेरी गळ्यात टेप घालून बाहेर आली. गाडीवर धूळ बसू नये म्हणून तिला जुन्या चादरीचं कव्हर शिवायचं होतं. तिने टेप टाकली, नाकापासून शेपटीपर्यंत, दोनदा, आणि तोंडात टाचण्या धरून पुटपुटली, "सोळा."

"पंधरा पूर्णांक अकरा सोळांश," तो म्हणाला.

"सोळा आहे, रे."

"तुझी टेप ताणली असेल. कापडाची ती."

रोझमेरीने टाचण्या तोंडातून काढल्या. एवढी वर्षं गावठाणातल्या अर्ध्या बायांचे ब्लाउज तिच्या हातचे. "टेप ताणली की माप कमी भरतं, इनास," ती म्हणाली, "जास्त नाही भरत. ताणलेल्या टेपेचा इंच मोठा होतो ना? मग ते इंच कमी मावतात. असला घोळ करणाऱ्या शिंपिणीकडे कोण येईल?" आणि कव्हर बेतायला आत गेली.

तो तिथेच बसून राहिला. ती म्हणाली ते त्याला शिकवायची गरज नव्हती. हे तर त्याच्या धंद्याचं पहिलं पान. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, फुटामागे पाव इंच. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्याकडे एक वेगळी पट्टी असते, श्रिंकेजची. दिसायला साधीच, तिच्यावर बाराच इंच कोरलेले. पण ते बारा म्हणजे खरे सव्वाबारा. तिचा प्रत्येक इंच थोडा मोठा. ताणलेला. तिने खरी वस्तू मोजली तर कमी भरणार. काशीराम मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मालवणी हेलात दम दिला होता, "दोन पट्ट्या एका खिशात कधी घालू नको हां. श्रिंकेजची डावीकडे, साधी उजवीकडे. मरेपर्यंत." म्हणून पॅटर्नशॉपमधल्या सगळ्यांच्या शर्टांना दोन खिसे. त्याचे तर रोझमेरीनेच शिवलेले. इनास उठला. खिळ्यावर त्याचा कामाचा शर्ट लटकत होता, टाळेबंदीपासून धुवून ठेवलेला, दोन्ही खिशांत दोन्ही पट्ट्या. त्याने आधी उजवीकडची काढली, फळीवरच्या त्या कागदावर आकृतीवर ठेवली. सोळा. केसभरही इकडेतिकडे नाही. मग डावीकडची काढली. पंधरा पूर्णांक अकरा सोळांश.

त्याला घाम फुटला. उकडत नव्हतं, तरी फुटला. तो दिवस आता वेगळ्याच बाजूने उघडायला लागला. त्या दिवशी कामाचा शर्ट नव्हता अंगात. शेठसमोर भाऊ चित्र मांडणार म्हणून तो सणाचा पांढरा शर्ट घालून गेला होता. त्या शर्टाला एकच खिसा. डावीकडे. सकाळी घाईत त्याने त्या एका खिशात एकच पट्टी घातली होती, जिच्याशिवाय पॅटर्नवाल्याचं पान हलत नाही ती. आणि तिच्या टोकाला लाल ठिपका होता. आता घासून घासून पुसट, गुलाबी डाग राहिलेला. तेव्हा तो ताजा होता. पोलादासाठी ही नवी पट्टी मिळाली तेव्हा फ्रेडीच म्हणाला होता, "दादूस, दोन्ही सारख्याच दिसतात, एक दिवस घोळ करशील," आणि होडीच्या रंगातला एक थेंब ब्रशच्या टोकावर घेऊन त्याने तो ठिपका दिला होता. एवढा मोठा लाल ठिपका! आणि याने बघितला नाही. याला बघायचं नव्हतं. चुकलंय म्हणून पट्टी काढली नव्हती त्याने. चूक सापडावी म्हणून काढली होती, आणि सापडली तेव्हा त्याला गोड वाटलं होतं. हे मात्र त्याने आत्ता पहिल्यांदा स्वतःशी धडधडीत कबूल केलं, पडवीत, उघड्या अंगाने, हातात दोन पट्ट्या घेऊन.

पुढचे चार दिवस त्याने गाडीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी रंग आणला. जांभळा कालवताना तीनदा बिघडला, चौथ्यांदा जमला; रोझमेरीने बाजारातून मूठभर जांभळं आणून दिली होती, ती खाऊन आरशासमोर जीभ काढून तो रंग जुळवत होता आणि ती हसून हसून भिंतीला टेकली होती. सात हात दिले. मधे घासलं, पुन्हा दिला. कागदावरच्या काट मारलेल्या सोळावर त्याने खोडरबर फिरवून बघितला, पण अकरा वर्षांची पेन्सिल निघत नाही. कागद फाटायला लागला तसा थांबला.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून त्याने गाडी केकच्या मोठ्या डब्यात चिंध्या भरून ठेवली, कागद गुंडाळला, दोन्ही पट्ट्या खिशांत घातल्या, डावीकडची डावीकडे, आणि मुलुंडची बस धरली. रोझमेरी म्हणाली, "मी येऊ?" तो नको म्हणाला. पवईचं तळं येईपर्यंत त्याची वाक्यं तयार होती. "फ्रेडी, त्या दिवशी माझ्याकडून." नाही. "फ्रेडी, पट्टी चुकीची होती." पट्टी कशी चुकीची असेल, पट्टी तर बरोबरच होती. "फ्रेडी, चूक तुझी नव्हती." हे तर त्याला माहीत असणारच ना, त्याने सोळा काढले होते, का त्यालाही वाटायला लागलं असेल की आपलंच चुकलं? अकरा वर्षं रोज पिंपांवर नंबर काढताना त्याला वाटत असेल का, की आपला हात चार इंच खातो? तळ्याचं पाणी संपलं आणि त्याची सगळी वाक्यंही.

दार ल्युसीने उघडलं. धाकट्या भावजयीने एक क्षण ओळखलंच नाही, मग पदराला हात पुसत आत ओरडली, "अगो बाय! फ्रेडी, दादूस आलाय!" फ्रेडी आतून आला. केस पांढरे झाले होते. नखांत काळा रंग. "ये," एवढंच म्हणाला, आणि खुर्चीवरून बनियन उचलून जागा केली. इनासने बसायच्या आधीच डबा उघडला, कारण बसला असता तर उघडला नसता. गाडी टेबलावर ठेवली.

फ्रेडी उभा होता तसाच उभा राहिला. मग खाली बसला, नजर टेबलाच्या पातळीला आणून, लहान पोरासारखा. दिव्यावरून बोट फिरवलं. दारावरून. त्याने गाडी सावकाश फिरवली, आणि शेपटी समोर आली तसं त्याचं बोट थांबलं.

"ही कुठून आणलीस?"

"सावलीतून."

फ्रेडीने मान वर केली. "दिसली तुला?"

"उशिरा दिसली." आणि मग इनासने दोन्ही पट्ट्या काढून गाडीशेजारी टेबलावर ठेवल्या, एकमेकींना चिकटून, एका बाजूची टोकं जुळवून, म्हणजे दुसऱ्या टोकाला एक केवढी पुढे जाते ते दिसावं. "फ्रेडी," तो म्हणाला, "त्या दिवशी माझ्या सणाच्या शर्टाला एकच खिसा होता."

फ्रेडीने पट्ट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"कुठली काढलीस ते. तेव्हाच दिसलं. ठिपका मीच दिला होता ना."

"तेव्हाच?" इनासला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग बोलला का नाहीस, अरे? तोंड शिवलं होतं का तुझं? मी काट मारत होतो, ते सगळे दात काढत होते, आणि तू..."

"काशीराम मिस्त्री समोर उभा होता, दादूस," फ्रेडी म्हणाला. "सोमवारी तुला खुर्ची मिळायची होती. पट्टी न बघता मोजणाऱ्याला कोण बसवतं तिथे? मी उद्या दुसरं चित्र काढलं असतं."

पण काढलं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. इनास खाली बसला. फ्रेडी नखातला रंग कोरत होता. अकरा वर्षं इनास त्या खुर्चीवर बसला होता, तिचे हात त्याच्या कोपरांनी गुळगुळीत झाले होते, नव्या पोरांना तो दम द्यायचा, श्रिंकेजची डावीकडे, साधी उजवीकडे. तो रडायला लागला. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, आईच्या मयताला रडला नव्हता तसा. ल्युसीने पाण्याचा पेला आणला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभी राहिली.

फ्रेडीने श्रिंकेजची पट्टी उचलली. टोक उजेडाकडे धरून पाहिलं, अंगठ्याने घासलं. "पुसला की रे हा," तो म्हणाला. उठून कोनाड्यातून रंगाची एक छोटी डबी काढली, झाकण नखाने उचकटलं, सगळ्यात बारीक ब्रश निवडला आणि श्वास धरून, जुन्या गुलाबी डागावर बरोबर मधोमध, एक लाल थेंब ठेवला. मग पट्टी गाडीशेजारी टेकवून ठेवली, ओलं टोक हवेत राहील अशी.

"आता हात लावू नको," तो म्हणाला. "वाळेस्तोवर बस."

इनास बसला.